वाचकांचे प्रश्न : घेवड्याची आमटी, घशाचा रिपोर्ट आणि पोटातले जीवाणू

गेल्या अंकात विरजणासंबंधीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना ‘आपल्या आतड्यातही जीवाणूंची अशीच एक वस्ती असते’ असे वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावरून सातारा जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच देणे भाग पडले. प्रश्न निरनिराळे आहेत, पण बहुतेकांच्या मुळाशी ‘हे जंतू चांगले की वाईट?’ ही एकच चिंता दिसते. साताऱ्यातल्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यावर माझे मत असे झाले आहे, की नुसते जीवाणूचे नाव सांगून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. तो कुठे राहतो आहे आणि त्याला खायला काय मिळते आहे, हे आधी विचारावे लागते. मी रुग्ण तपासणारा डॉक्टर नाही, हेही येथेच सांगून टाकतो. औषधाचा निर्णय ज्याने रुग्णाला हात लावून पाहिले आहे त्यानेच घ्यायचा असतो.

प्रश्न : आमच्याकडे वाघ्या घेवडा घरच्या रानातला असतो आणि आठवड्यातून दोनदा तरी त्याची आमटी होते. खाल्ल्यावर लगेच काही वाटत नाही, पण संध्याकाळी पोट फुगते आणि चारचौघांत अवघडल्यासारखे होते. सासूबाई म्हणतात, भिजवलेले पाणी फेकून दे. मी म्हणते, त्या पाण्यात सत्त्व उतरलेले असते. हा वायू पोटातल्या जंतूंमुळे होतो असे ऐकले. मग ते जंतू मारणारे औषध घ्यावे का? (एक गृहिणी, कोरेगाव तालुका)

औषध घेऊ नये, आणि पाण्याच्या बाबतीत सासूबाईंचे ऐकावे.

कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा त्याच्याविषयी वाईट बोलण्याची माझी छाती नाही. परंतु घेवडा, हरभरा, वाटाणा, चवळी या सगळ्या कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात आणि त्या तोडण्यासाठी लागणारे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर माणसाच्या आतड्यात तयार होत नाही. त्यामुळे आमटीतले पिठूळ द्रव्य आणि बरीचशी प्रथिने लहान आतड्यात पचून रक्तात जातात, पण या शर्करा जशाच्या तशा पुढे सरकत मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथे पोहोचायला काही तास लागतात, म्हणून दुपारच्या जेवणाचा त्रास आपल्याला संध्याकाळी जाणवतो. आपल्या पत्रातली ही वेळेची नोंद मला फार आवडली. त्रासाचे निदान त्या नोंदीतच आहे.

पचनमार्गात जीवाणूंची वस्ती सगळीकडे सारखी नसते. जठरातल्या तीव्र आम्लात फार थोडे जीवाणू तग धरतात. लहान आतड्यात अन्न भरभर पुढे जात असल्याने तिथेही त्यांची दाटी कमीच असते. मोठ्या आतड्यात मात्र गती मंदावते, प्राणवायू जवळजवळ नसतो, आणि तिथल्या एका ग्रॅम ऐवजात साधारण दहा हजार कोटी जीवाणू नांदत असतात. आपल्याला न पचलेली शर्करा म्हणजे त्यांच्यासाठी पंगतच. ते ती आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांच्या पोटात मिथेन हे वायू तयार होतात. या तिन्ही वायूंना वास नाही. ज्या वासामुळे आपल्याला अवघडल्यासारखे होते, तो अत्यल्प प्रमाणात तयार होणाऱ्या गंधकयुक्त वायूंचा असतो. निरोगी माणसाच्या शरीरातून दिवसाला अर्धा ते दीड लिटर वायू बाहेर पडतो, त्यामुळे त्यात लाजण्यासारखे काही नाही, असे मी वर्गात सांगत असे आणि शेवटचे बाक हसत असे.

आता हे जंतू का मारू नयेत ते सांगतो. वायू हा त्या आंबण्यातला दिसणारा, किंबहुना ऐकू येणारा भाग झाला. त्याच आंबण्यातून ब्युटिरिक आम्लासारखी काही लहान आम्लेही तयार होतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींना लागणारी बहुतांश ऊर्जा या ब्युटिरिक आम्लातूनच मिळते. म्हणजे आपण घेवडा खातो, त्यातला आपल्याला न पचणारा भाग जीवाणू खातात आणि त्यांनी टाकलेल्या पदार्थावर आपलेच आतडे पोसले जाते. शिवाय के जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वे हे जीवाणू तयार करतात. मळाचा तपकिरी रंगसुद्धा त्यांचीच करणी आहे, कारण पित्तातल्या बिलिरुबिनवर त्यांनी केलेल्या प्रक्रियेतून तो येतो. शेजारधर्म पाळणारी एवढी वस्ती वायूच्या कारणावरून उठवून लावणे मला तरी पटत नाही.

उपाय स्वयंपाकघरातलाच आहे. घेवडा रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावा आणि सकाळी ते पाणी ओतून देऊन दोनदा धुवावा, कारण या शर्करा पाण्यात विरघळतात आणि त्यांचा बराचसा भाग त्या पाण्याबरोबर निघून जातो. आपण ज्याला सत्त्व म्हणता त्यातलेही थोडेसे जाते, पण घेवड्यात ते पुरून उरेल इतके असते. मटकी, मूग यांना मोड आणल्यावर त्रास कमी होतो, याचे कारण असे की अंकुर फुटताना बी या शर्करा स्वतःच वापरून टाकते. हिंगाची फोडणी चवीसाठी अवश्य द्यावी. शर्करा काढून टाकण्याचे काम मात्र पाणीच करते. आणखी एक गोष्ट म्हणजे घेवडा कधीही अर्धाकच्चा खाऊ नये. त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनाने उलट्या होतात आणि मंद आचेवर नुसते कोमट शिजवून ते नष्ट होत नाही. चांगली उकळी येऊन दहा मिनिटे तरी खळखळून शिजायला हवा. कुकरच्या शिट्ट्यांनी हे काम आपोआप होते. ज्यांना कडधान्याची सवय नाही त्यांनी थोड्या प्रमाणापासून सुरुवात करावी. काही आठवडे नियमाने खाल्ल्यावर बहुतेकांचा त्रास उतरतो.

प्रश्न : माझी नात नऊ वर्षांची आहे. घसा दुखत होता म्हणून डॉक्टरांनी घशातला नमुना तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल थ्रोट फ्लोरा ग्रोन’ आणि पुढे ‘नो बीटा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकॉकाय’ असे लिहिले आहे. जंतू उगवले असे स्पष्ट लिहिलेले असताना डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगतात. शेजारच्यांनी त्यांच्या मुलाच्या उरलेल्या गोळ्या आणून दिल्या आहेत. त्या द्याव्यात का? (एक आजी, सातारा शहर)

ताई, गोळ्या शेजाऱ्यांना परत करा. रिपोर्ट चांगला आहे आणि डॉक्टरांनी तो नीट वाचला आहे.

‘फ्लोरा’ म्हणजे त्या जागेची नेहमीची वस्ती. आपल्या, माझ्या, त्या डॉक्टरांच्या घशातूनही कापसाचा बोळा फिरवला तरी जीवाणू उगवतीलच. एकही उगवला नाही तर मला प्रयोगशाळेच्या कामाविषयी शंका येईल. बाळ जन्मल्यानंतर थोड्याच वेळात त्याच्या तोंडात जे पहिले पाहुणे मुक्कामाला येतात, त्यांत स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस असतो, आणि तो व त्याचे भाऊबंद मरेपर्यंत सोबत राहतात. जागा त्यांनी अडवून ठेवलेली असल्यामुळे बाहेरून येणाऱ्या रोगजंतूला पाय रोवणे अवघड जाते.

हा फरक प्रयोगशाळेत कसा दिसतो, ते सांगितले तर आपली भीती कमी होईल. नमुन्याचा बोळा रक्त घातलेल्या लालभडक आगराच्या (जीवाणू वाढवायच्या थिजलेल्या खाद्याच्या) बशीवर ओढतात आणि बशी रात्रभर शरीराच्या तपमानाला ठेवतात. सकाळी झाकण उचलले की खसखशीच्या दाण्याहूनही लहान ठिपके दिसतात. नेहमीच्या वस्तीतल्या बऱ्याचशा स्ट्रेप्टोकॉकसभोवती हिरवट, गढूळ कडे असते. ज्याची धास्ती घ्यायची त्या ‘अ’ गटातल्या स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसभोवती मात्र रक्तपेशी पूर्ण विरघळून काचेसारखे स्वच्छ कडे पडते. बशी खिडकीकडे धरली तर त्या कड्यातून पलीकडचा उजेड आरपार येतो. त्यालाच ‘बीटा हिमोलिटिक’ म्हणतात, आणि आपल्या नातीच्या रिपोर्टमध्ये तो नाही असेच लिहिले आहे. त्या एका ‘नो’ या शब्दावर सगळा रिपोर्ट उभा आहे.

घसादुखीची बहुसंख्य प्रकरणे विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीइतका उपयोग होत नाही. याउलट जर ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस सापडला असता, तर मी स्वतः डॉक्टरांपेक्षा जास्त आग्रह धरला असता. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत तो विशेष आढळतो. एकाएकी ताप, गिळताना तीव्र दुखणे, मानेतल्या दुखऱ्या गाठी, आणि खोकला-सर्दी मात्र नाही, असे त्याचे रूप असते. उपचार न झाल्यास दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. त्यासाठी पेनिसिलीनच्या गोळ्या दहा दिवस घ्याव्या लागतात आणि तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून थांबता येत नाही. आपल्या शेजाऱ्यांकडे गोळ्या ‘उरल्या’ कशा, हा प्रश्न म्हणूनच माझ्या मनात आला, आणि तो त्यांनाही विचारावा असे वाटते.

आता जागेचे महत्त्व पाहा. तोंडातले हेच हिरवट कड्याचे गरीब जीवाणू दात काढताना रक्तात शिरतात. निरोगी माणसाच्या रक्तात ते थोड्या वेळात नाहीसे होतात. पण ज्याच्या हृदयाची झडप आधीच खराब झालेली आहे किंवा कृत्रिम बसवलेली आहे, त्याच्या झडपेवर ते ठाण मांडून जीवघेणा आजार करू शकतात. म्हणून झडपेचा आजार असलेल्यांनी दंतवैद्यांच्या खुर्चीत बसण्यापूर्वी तो सांगावा. घशात ज्याला आपण सभ्य रहिवासी म्हणतो, तोच झडपेवर घुसखोर ठरतो.

प्रश्न : आमच्या मिस्टरांची दुर्बिणीने जठराची तपासणी झाली. अल्सर आहे आणि तो एका जंतूमुळे झाला आहे असे सांगून दोन प्रकारची अँटिबायोटिक्स आणि आम्लाची गोळी चौदा दिवसांसाठी दिली. सगळे नातेवाईक म्हणतात, ठेच्याने अल्सर झाला. घरात ठेचा बंद आहे आणि मिस्टर रुसलेले आहेत. (कराड)

ठेच्यावर हा आळ फार जुना आहे, आणि १९८० च्या दशकापर्यंत डॉक्टरसुद्धा तिखट आणि मनस्ताप यांनाच दोष देत असत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी रॉबिन वॉरन यांना जठराच्या नमुन्यांत वाकड्या आकाराचे जीवाणू वारंवार दिसत होते. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरने ते बशीत वाढवायचा प्रयत्न केला, पण दोन दिवसांनी काही दिसत नाही म्हणून बशा टाकून दिल्या जात. १९८२ मध्ये ईस्टरची सुट्टी आली, बशा चुकून पाच-सहा दिवस तशाच राहिल्या, आणि परत येऊन पाहतात तो जीवाणू उगवलेले. लोक विश्वास ठेवीनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जीवाणूंचे पाणी स्वतःच पिऊन टाकले आणि काही दिवसांतच त्यांना जठराचा दाह झाला. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. (विद्यार्थ्यांना ही हकिगत सांगताना मी नेहमी पुस्ती जोडत असे, की पहिला अर्धा भाग अनुकरणीय आहे, दुसरा नाही.)

हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा हाच जीवाणू युरियापासून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचे आम्ल मारून त्या आगीत राहतो. तो बहुधा लहानपणीच घरातल्या माणसांकडून किंवा दूषित अन्नपाण्यातून पोटात येतो, आणि ज्यांच्या पोटात असतो त्यांतल्या बहुतेकांना कधी काहीच होत नाही. अल्सरचे दुसरे मोठे कारण म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणे, तेव्हा मिस्टर तशा गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे. ठेचा अल्सर निर्माण करीत नाही. जखम असताना झोंबतो एवढेच. चौदा दिवसांचा डोस पूर्ण करावा आणि तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही याची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. मळ डांबरासारखा काळा झाला तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा. बरे वाटल्यावर ठेचा भाकरीवर पुन्हा येऊ द्या, आधी शेंगदाण्याचे कूट थोडे जास्त घालून.

प्रश्न : अँटिबायोटिकचा कोर्स झाला की मला जुलाब होतात. दुकानदार चांगल्या जंतूंच्या पुड्या देतो, आई म्हणते ताक पी. खरे कोण? (वाई)

आपल्या आईकडे विरजणाचे जे भांडे आहे त्याकडे एकदा बारकाईने पाहा. चमचाभर कालचे दही कोमट दुधात गेले की त्यातले लॅक्टोकॉकस, लॅक्टोबॅसिलस आदी जीवाणू दुधातल्या शर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्या आम्लाने दूध थिजते. १९०८ चे नोबेल मिळवणारे मेचनिकोव्ह तर बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय दह्याला देत. तेवढे श्रेय मी देणार नाही. दह्यातले बहुतेक जीवाणू आपल्या आतड्यात घर करीत नाहीत. वारकऱ्यांसारखे मुक्काम करीत पुढे जातात. पण जाता जाता उपयोगी पडतात, आणि ताक पोटाला सोसते. पुड्यांपैकी काहींत सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट असते. ते जीवाणू नसल्याने जीवाणूंवरच्या अँटिबायोटिकने मरत नाही, आणि अशा जुलाबांत त्याचा उपयोग होतो. ज्यांची प्रतिकारशक्ती फार क्षीण आहे त्यांनी मात्र पुडीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर ती गोळी आणि दही-दूध यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण दुधातल्या कॅल्शियममुळे गोळी नीट शोषली जात नाही.

अँटिबायोटिक हे नेम धरून मारणारे हत्यार नाही. शेतात तणनाशक फवारल्यावर बांधावरचे गवतही जळते, तसेच आतड्यातले होते. रिकाम्या झालेल्या जागेत कधी कधी क्लोस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा एरवी दबून असलेला जीवाणू माजतो. साधे जुलाब औषध थांबल्यावर थांबतात. पण ताप, पोटात कळा आणि मळात रक्त असेल तर त्यावर ताकही नको आणि पुडीही नको, लगेच डॉक्टर हवेत. आणि ‘कोर्स झाला की’ असे आपण सहज लिहिले आहे, त्यावरून असे कोर्स वारंवार होत असावेत. ते कशासाठी होतात, हे एकदा तपासून घ्यावे.

प्रश्न : पुस्तकात वाचले की शरीरात पेशींपेक्षा जीवाणू दहापट असतात. खरे आहे का? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, सातारा)

तो १९७० च्या दशकातला ढोबळ अंदाज होता आणि पुढच्या पुस्तकांनी तो उतरवून घेतला. २०१६ मध्ये पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा ७० किलो वजनाच्या माणसात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जीवाणू असे उत्तर आले. म्हणजे जवळजवळ बरोबरी. त्या सगळ्या जीवाणूंचे वजन साधारण २०० ग्रॅम भरते. मीही कित्येक वर्षे दहापटच शिकवत होतो.

प्रश्न : आमच्या घरी साखर नाही, गूळच वापरतो. गुळाने दात किडत नाहीत ना? आणि आई दात चांगले राहतात म्हणून मिश्री लावते, ते चालेल का? (पाटण)

गुऱ्हाळाच्या मुलखातून हा प्रश्न येणारच होता. गूळ आणि साखर दोन्ही उसाच्याच पोटच्या, आणि दोन्हींत मुख्यतः सुक्रोज असते. १९२४ साली क्लार्क यांनी वर्णन केलेला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या सुक्रोजपासून एक चिकट पदार्थ बनवून दाताला घट्ट धरून बसतो आणि आम्ल सोडतो. सामू (आम्लता मोजण्याचा आकडा, तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. लाळ अर्ध्या-पाऊण तासात ते आम्ल निववते, पण तेवढ्यात मुलाने फडताळातून पुन्हा गुळाचा खडा काढला तर लाळेला उसंतच मिळत नाही. म्हणून गूळ किती खाल्ला यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ला, याला महत्त्व आहे. जेवणाबरोबर एकदाच खाऊन वर चूळ भरावी. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्री दात घासल्यानंतर गोड देऊ नये.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडविक्याने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर आपल्या भिंगाखाली धरून माणसाच्या तोंडातले जीवाणू प्रथम पाहिले. आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी पहिल्याच तासाला मी मुलांना टूथपिकने तोच थर काढायला लावीत असे. पाण्याच्या थेंबात वळवळणारे आणि गिरक्या घेणारे जीव पाहून एखादा तरी विद्यार्थी तोंड धुवायला धावत असे. दात घासणाऱ्यांच्या तोंडातही ते असतातच. घासल्याने थर जाड होत नाही, एवढाच उद्देश. तोंडाच्या दुर्गंधीचा बराचसा भाग जिभेच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या जीवाणूंकडून येतो, त्यामुळे आपल्या घरातली तांब्याची जीभली अडगळीत टाकू नये.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती लावल्याने दात स्वच्छ वाटतात, पण तल्लफ लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आईंना हे समजावून सांगा. तोंडात न भरून येणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसत असेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखवून घ्या.

प्रश्न : शाळेत मुलांना जंतनाशक गोळी देतात. तिने पोटातले चांगले जंतूही मरतात का? (जावळी तालुका)

नाही. जंत आणि जंतू यांत उकाराचा फरक आहे, पण प्राणी सर्वस्वी वेगळे. जंत हे डोळ्यांना दिसणारे कृमी आहेत, जंतू सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. शाळेतली अल्बेंडाझोलची गोळी कृमींच्या पेशींतल्या एका प्रथिनाला चिकटून त्यांची उपासमार करते. जीवाणूंच्या रचनेत तिला धरायला तशी जागाच नसते. गोळी शिक्षकांसमोर चावून खाऊ द्यावी. पत्रावर आपण ‘जंतुनाशक गोळी’ लिहिले आहे, ते मी छापताना दुरुस्त करून घेतले. जंतुनाशक म्हणजे फिनेल, आणि ते फरशीसाठी असते.